घरात कुठंतरी केळं सडलंय

भादवा लागला की मी फळांची टोपली रिकामी करते. केळी तर मी वर्षभर घरात आणतच नाही, पण भादव्यात पेरू, सीताफळ, काहीच टिकू देत नाही. ओट्याखाली वाकून बघते, डब्यांच्या मागे हात घालते, कचऱ्याची बादली दिवसातून दोनदा बाहेर नेते. धुळ्यात मी भाड्याने राहते. घरमालकीण अक्का मूळच्या सोनगीरच्या, आणि त्यांना माझ्या या उद्योगाची मोठी गंमत वाटते. "खान्देशनी पोर शे नि केळं खात नई?" त्या म्हणतात. "तुनं बठ्ठंच उलटं शे." माझं सगळंच उलटं, हे ऐकून मी हसते. हसता हसता नाक मात्र कामाला लागलेलं असतं. एक गोडसर, आंबूस, जड वास मी शोधत असते, आणि तो सापडेल की काय म्हणून घाबरतही असते.

गेल्या आठवड्यात आमच्या ऑफिसात साहेबांनी सगळ्यांना एकेक पुस्तक भेट दिलं. यशस्वी माणसांच्या सवयी वगैरे. गुळगुळीत कव्हर, त्यावर डोंगराच्या टोकावर हात पसरून उभा असलेला माणूस. मी ते उघडलं, नव्या कागदाचा वास घेतला आणि मिटून टाकलं. त्याच्यासारखा एक डोंगरावरचा माणूस जळगावजवळच्या आमच्या असोद्याच्या घरात एक श्रावण-भादवा राहून गेला आहे. तेव्हापासून तो दिसला की मी कव्हर पालथं घालते.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि स्पर्धा परीक्षेचा तिसरा प्रयत्न होता. वडील मी नववीत असताना वारले. माय केळीच्या बागांत मजुरीला जायची आणि मी रोज बसने जळगावला, अभ्यासिकेत. अभ्यासिका म्हणजे एका इमारतीचा दुसरा मजला. प्लायवूडचे खण पाडलेले, प्रत्येक खणात एक खुर्ची, एक दिवा आणि एक घाबरलेला माणूस. अर्थात घाबरलेला हा शब्द तिथे कोणी उच्चारत नसे. प्रत्येकाने आपापल्या प्लायवूडवर कागद चिकटवलेले होते. मी करणारच. मी होणारच. ज्याचे कागद जास्त तो जास्त घाबरलेला, हे मला फार उशिरा उमगलं. माझ्या खणात अकरा कागद होते.

इतिहास-भूगोलापेक्षा दुसऱ्याच पुस्तकांची तिथे देवाणघेवाण चाले. पहाटे कसं उठावं, मनाला कसं जिंकावं, आरशासमोर उभं राहून स्वतःला काय सांगावं. ही पुस्तकं माणूस पिवळ्या पेनाने रेघोट्या मारत वाचतो. एकाने मारलेल्या रेघोट्यांवर दुसरा मारतो, आणि चौथ्या हातात येईपर्यंत अख्खं पान पिवळं झालेलं असतं. मीही मारल्या. एक गोष्ट मान्य करायला हवी, वाचताना बरं वाटायचं. तासभर छाती भरून यायची, पाठ ताठ व्हायची. मग बाथरूममध्ये कुणीतरी नळ सोडून रडत असल्याचं ऐकू यायचं आणि ते सगळं उतरून जायचं.

भीती मला नापास होण्याची नव्हती, त्याची सवय झाली होती. संध्याकाळी बसमधून उतरून गल्लीत वळलं की माय ओट्यावर बसलेली दिसायची, लुगड्यावर आणि हातांवर केळीच्या चिकाचे काळे डाग. ते डाग कशानेच निघत नाहीत. ती विचारायची, "झाला का अभ्यास?" बस, एवढंच. या तीन शब्दांची मला इतकी भीती वाटायची की कधी कधी मी मुद्दाम पुढची बस धरायचे.

कव्हरवर डोंगरावरचा माणूस असलेलं ते पुस्तक मला मनीषाने दिलं. ती शेजारच्या खणात बसायची, तिचाही तिसराच प्रयत्न. "हे वाच, आयुष्य बदलेल," ती म्हणाली. तिचं बदललं होतं का, हे मी विचारलं नाही. असे प्रश्न आम्ही नकारात्मक समजायचो.

आता आमच्याकडची एक पद्धत सांगायला हवी. आषाढ ते आश्विन, वर्षावासाच्या तीन महिन्यांत आमच्या बुद्धविहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. गावातले नाना वाचतात, बाकी सगळे पांढऱ्या कपड्यांत खाली बसून ऐकतात. ऐकणाऱ्यांत निम्म्याहून जास्त बाया, आणि त्यांच्यातल्या पुष्कळ जणींना अक्षर येत नाही. माझी माय त्यातलीच. तिथे काही नियम कुणी न सांगता पाळले जातात. हातपाय धुऊन यायचं. वाचन चालू असताना मधे उठायचं नाही, मधे बोलायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम, ऐकलं ते पाळायचं. माय चाळीस वर्षं तशीच ऐकत आली होती. पुस्तक म्हणजे तिच्या लेखी माणसाला शहाणं करायला कुणीतरी जागून लिहिलेली गोष्ट. त्यात वाटेल ते छापता येतं, हे तिच्या गावीही नव्हतं.

श्रावण पौर्णिमेच्या आदल्या दिवशी विहारातून आल्यावर ती म्हणाली, "तू एवढं रोज काय वाचत राह्यते? माले बी वाचून दाखव ना." मला कोण आनंद झाला! पुस्तकात लिहिलंच होतं की आपल्या प्रगतीत घरच्यांना सामील करून घ्या. मी चटई टाकली. माय मोरीत जाऊन हातपाय धुऊन आली, पुस्तकाखाली तिने धुतलेला पांढरा रुमाल पसरला आणि मांडी घालून समोर बसली. डोंगरावरच्या त्या माणसाला एवढा मान त्याच्या जन्मात कुणी दिला नसेल.

सातव्या प्रकरणात एक महिन्याचं व्रत होतं. पुस्तकात त्याला व्रत म्हटलं नव्हतं, काहीतरी झगमगीत नाव होतं. महिनाभर घरात कुणी दुखणं, अडचण, भीती तोंडातून काढायची नाही. बोललेलं वाढतं. एकाने बोललं तर सगळ्या घराचं मोडतं. त्याऐवजी रोज संध्याकाळी प्रत्येकाने त्या दिवसाची एक चांगली गोष्ट सांगायची आणि ती वहीत लिहून ठेवायची. मी हिशोब केला, पौर्णिमा ते पौर्णिमा महिना होतो आणि लगेच पुढच्या रविवारी माझी परीक्षा. योग जुळून आला म्हणून मी टाळी वाजवली. माय गंभीरपणे म्हणाली, "एकीनं मोडलं तं दुसरीचंबी मोडते?" मी म्हटलं, हो.

ते "हो" मी आजही झोपेत म्हणते.

वही अजून माझ्याकडे आहे. माझ्या ओळी वाचवत नाहीत, इतक्या त्या लाडिक आहेत. मायच्या ओळी मी तिच्याच शब्दांत लिहिल्या होत्या. पहिल्या दिवशी, "आज भाकर चांगली फुगली." तिसऱ्या दिवशी, "आज बागेत मोर दिसला." आठव्या दिवशी, "आज मुकादमानं बसल्या जागचं काम देलं." अकराव्या दिवशी, "आज चपलेचं काम पडलं नाही." मी या सगळ्या ओळींपुढे हसरे चेहरे काढले आहेत. चौदाव्या दिवशी तिने सांगितलं, "आज पाय नाही दुखला." मी ते लिहिलं आणि त्याला दोन हसरे चेहरे दिले. ज्याचा पाय कधी दुखलाच नाही तो माणूस आज पाय दुखला नाही असं सांगेल का, एवढा साधा प्रश्न, पण तो मला पडला नाही. मी त्या दिवसांत तर्कशक्तीचा पेपर सोडवत होते आणि त्यात मला शंभरापैकी नव्वद मिळत होते.

सोळाव्या-सतराव्या दिवशी घरात वास यायला लागला.

आमच्याकडे केळ्याचा वास ही काही बातमी नव्हे. बागेतून माय टाकाऊ केळी आणायची, ती कधी माळ्यावर पिकत, कधी पोत्याखाली विसरली जात. असोद्यात भादव्यात कुठल्याही घरात जा, कुठेतरी एखादं केळं सडत असतंच. मी म्हटलं, "माय, घरात कुठंतरी केळं सडलंय." ती म्हणाली, "असंन एखादं. पाहू सकायी." सकाळी ती कामाला गेलेली असायची. मी पोती उचलली, माळा झाडला, पलंग सरकवला. काही मिळालं नाही. दुसऱ्या दिवशी वास जास्त. वाचायला बसल्यावर तर फारच. मी उदबत्ती लावली आणि वाचत राहिले. माय माझ्यासमोर बसलेली, लुगड्याचा काठ पावलांवरून ओढून घेतलेला. मधे न उठता, मधे न बोलता ऐकत होती. विसाव्या दिवशी तिची चांगली गोष्ट होती, "आज भूक नाही लागली. भाकर उरली, सकायची चिंता मिटली."

बाविसावा दिवस रविवार होता. दुपार. ढग नव्हते, भादव्याचं चटचटीत ऊन पडलेलं. माय कामावर गेली नव्हती, भिंतीशी पडून होती. मी प्रश्नपत्रिका सोडवत होते आणि मला उंबऱ्यापासून आत येणारी मुंग्यांची रांग दिसली. मी खूश झाले. म्हटलं, आता सापडतं बघ केळं. हातात फडकं घेऊन मी रांगेच्या मागे मागे निघाले. रांग चुलीकडे गेली नाही. माळ्याकडे गेली नाही. भिंतीच्या कडेने सरकत ती मायच्या गोधडीत शिरली.

मी गोधडी उचलली. तिच्या उजव्या पावलाला जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळलेली होती आणि मुंग्या त्या पट्टीत जात होत्या.

ते पाऊल कसं होतं ते मी इथे लिहिणार नाही. मी किंचाळले एवढं आठवतं. मायचं अंग तापलेलं होतं. तिने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, पायाकडे पाहिलं, आणि कुजबुजत म्हणाली, "आठच दिवस राह्यले होते. कशाले पाह्यलं तू?"

मायला शुगर होती. हे मला माहीत होतं, गोळ्या मीच आणून द्यायचे. बागेतल्या चिखलात तिच्या अंगठ्याशेजारी कसलंसं टोक रुतलं होतं, तेही सातव्या दिवशीच. आधी दुखलं, मग दुखायचं थांबलं. दुखायचं थांबलं ती तिची चौदाव्या दिवसाची चांगली गोष्ट. एका खोलीच्या घरात राहून मी पंधरा दिवस माझ्या आईचं पाऊल पाहिलं नव्हतं. ती रोज संध्याकाळी मोरीत जाऊन ते धुवायची, कारण पुस्तकासमोर पाय धुऊन बसायचं असतं.

जळगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि विचारलं, "एवढे दिवस घरात कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? वास आला नाही?"

मी म्हटलं, "आम्हाला वाटलं केळं सडलंय."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग ते म्हणाले की बोटं तर जाणारच, पाय राहील का ते दोन दिवसांनी सांगतो, आणि विष रक्तात किती भिनलंय त्यावर बाकीचं. 'बाकीचं' म्हणजे काय, हे मला विचारवेना.

त्या दोन दिवसांत मी पहिल्यांदाच नीट घाबरले. त्याआधीची माझी भीती पास-नापासाची, लोक काय म्हणतील याची, तीन शब्दांच्या एका प्रश्नाची. ही भीती वेगळी होती. तिला शब्दच नव्हते. दवाखान्याच्या जिन्यात बसून मी पिशवी उपसत होते, सलाईनची चिठ्ठी शोधायला, आणि हाताला पुस्तक लागलं. गडबडीत तेही पिशवीत आलं होतं. परीक्षेचं हॉलतिकीट मी खूण म्हणून त्यात घातलेलं. मनात म्हणून पाहिलं, सगळं छान होणार, सगळं छान होणार. ओठ हलत होते आणि गुडघे कापत होते. कापणाऱ्या गुडघ्यांचं काय करायचं, हे त्या माणसाने एकाही प्रकरणात लिहिलं नव्हतं. मग मी वही काढली आणि मायच्या ओळी पुन्हा वाचल्या, आणि त्या वेळी त्यांतली प्रत्येक ओळ मला कळली, सुजलेल्या पावलात चप्पल चढत नव्हती त्या दिवसाचीसुद्धा.

पाय वाचला. दोन बोटं गेली. परीक्षेचा रविवार त्या वॉर्डात आला आणि गेला, माझ्या लक्षात आलं ते मंगळवारी. माय शुद्धीत आल्यावर मी रडत रडत तिच्यावर चिडले. "रोज विचारत होते ना मी तुला? खोटं का बोललीस?"

"खोटं नाही बोलली," ती म्हणाली. तिला ते फार लागलं, कारण पंचशील ती मनापासून पाळते. "जे चांगलं होतं तेच सांगे. काय दुखते, असं तू कधी ईचारलं?"

पुस्तक मी जाळायला निघाले होते. तिने जाळू दिलं नाही. छापलेलं जाळू नये म्हणाली. मनीषाला मी ते परत केलं, तेव्हा तिने विचारलं, "काही फरक पडला?" मी हो म्हटलं.

पुस्तक वाईट होतं असं म्हणून मला मोकळं होता येत नाही. बसस्टँडवरच्या स्टॉलपाशी मी अजूनही रेंगाळते. लाल-पिवळी कव्हरं चाळणारी पोरं-पोरी बघते. त्यांचे ओठ वाचताना हलत असतात. या पुस्तकांचा खप माणसांच्या महत्त्वाकांक्षेवर चालतो असं लोक समजतात. मला वाटतं तो भीतीवर चालतो. काळोखातून जाताना माणूस मोठ्याने गाणं म्हणतो ना, तसं हे वाचन. गाण्याने काळोख जात नाही, पण पाऊल उचलतं. फक्त गाण्याच्या नादात मागून कुणी हाक मारली तर ऐकू येत नाही.

पुढे दोन वर्षांनी मला नोकरी लागली, धुळ्याला. तेव्हापासून मी रोज संध्याकाळी फोन करते आणि विचारते, "आज काय दुखलं?" रोज एक तक्रार सांगायचीच, असा मी नियम केला. माय आज्ञाधारकपणे सांगते. गुडघा धरला. डास चावले. शेजारणीची बकरी कोथिंबीर खाऊन गेली. मी समाधानाने फोन ठेवते. चांगल्या गोष्टींच्या जागी तक्रारी आल्या, पण तेही एक व्रतच झालं आहे, हे माझ्या ध्यानात यायला या भादव्याची पौर्णिमा उजाडावी लागली.

परवा पौर्णिमेला मी असोद्याला गेले होते. नानांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, ते म्हणाले, "सुजाता, आज तू वाच." त्या श्रावणानंतर मी कुणाला मोठ्याने काही वाचून दाखवलेलं नव्हतं. नाही म्हणायला तोंड उघडलं, तर समोर बाया पांढऱ्या लुगड्यांत बसलेल्या, आणि त्यांच्यात माय, उजवा पाय पुढे पसरून. मी वाचलं. दोनदा ओळ चुकली. कुणी मधे उठलं नाही.

घरी येताना ती माझा हात धरून हळूहळू चालत होती. ओट्यावर टेकली आणि म्हणाली, "आजबी कापला तुझा आवाज."

"आजबी म्हणजे?"

"तव्हाबी कापे. तू वाचे, भिऊ नका, भिऊ नका, आन् तुझाच आवाज कापे. माले वाटे, ही पोरगी एवढी भ्यालेली हाये, आता इच्यात आखीन माझी भीती कोठी ठिवू?"

इतकी वर्षं मी समजत होते की माझ्या मायने पुस्तकाचं ऐकलं. तिने पुस्तकाचं ऐकलंच नव्हतं. तिने माझा आवाज ऐकला होता. मी तिच्या पायाशी बसले. रोजचा फोनवरचा प्रश्न तोंडावर आला होता, तो मी गिळला आणि दुसरा विचारला, जो मी तिला जन्मात कधी विचारला नव्हता.

"माय, तुला भीती वाटते का?"

तिने लुगड्याचा काठ वर केला आणि डावा पाय, चांगला पाय, माझ्यापुढे सरकवला.

"या पायालेबी मुंग्या येऊन राह्यल्या. पोयाच्या सनापासून. काल चप्पल निसटून मागं राह्यली, ते मालेच कयलं नाही. लई भेव वाटते, सुजाता."

या खेपेला मी वेळेवर घाबरले. मी तिचं पाऊल मांडीवर घेतलं, दिव्याखाली धरून बोटाबोटांच्या मधून बघितलं, वास घेतला. पिशवीत तिचे दवाखान्याचे कागद भरले, साहेबांना रजेचा निरोप पाठवला. सकाळच्या पहिल्या बसने आम्ही दोघी जळगावला निघालो. ती खिडकीशी बसली. असोदा ते जळगाव अंतर कितीसं, पण तेवढ्यात तिने मला आणखी चार गोष्टी सांगितल्या. त्यातली एकही चांगली नव्हती. मी सगळ्या ऐकल्या.